मैदान उजव्या हाताला

शारजाहून खोर फक्कानकडे जाताना, डोंगर सुरू व्हायच्या आधी, लष्कराचं सरावाचं मैदान होतं. हद्दीवर पांढरे सिमेंटचे ठोकळे. आत पाऊल टाकायचं नाही. बाहेरून खडकाळ माळावर पायवाट होती, पूर्ण वळसा अठ्ठावीस किलोमीटरचा. शुक्रवारी गोळीबार बंद, म्हणून ऑफिसमधले आम्ही काहीजण तिथे पळायचो. मी कधी निम्म्यापुढे गेलो नव्हतो.

मंदी आली आणि पळणारे एकेक करून मायदेशी गेले. मग मलाही कंपनीचं नोकरी संपल्याचं पत्र मिळालं. बायको-मुलांना आधीच पुण्याला पाठवलं होतं. अकरा वर्षांत इथे काय पुरं केलं, याचं उत्तर मला देता येईना. हट्टच धरला, जाण्याआधी निदान हा वळसा तरी पुरा करायचा. साइटवरचे क्रेनवाले काका, रत्नागिरीकडचे, पिकअपमधून पाणी आणायला तयार झाले. त्यांच्याही क्रेनला काम उरलं नव्हतं.

आमची पद्धत ठरलेली होती. मैदान डाव्या हाताला ठेवायचं, म्हणजे दहाव्या किलोमीटरला जुनी विहीर लागते. काका तिथे थांबणार होते. मी पहाटे एकटाच निघालो, डोक्यात पत्र घोळत होतं. बऱ्याच वेळाने ध्यानात आलं की ऊन आज उजव्या गालावर आहे. देवळाभोवती फिरावं तसे पाय आपोआप मैदान उजवीकडे ठेवून निघाले होते. विहीर आता अठराव्या किलोमीटरला होती आणि माझ्याकडे एकच बाटली.

मागे फिरणं शहाणपणाचं होतं. पण समोर काळे डोंगर बघता बघता तांब्याच्या रंगाचे झाले आणि मी जागीच थांबलो. इतकी शांतता मी आयुष्यात अनुभवली नव्हती. तिकडे दुबईत निम्म्या इमारती अर्धवट उभ्या होत्या, आणि इथे डोंगरांना त्याचा पत्ताही नव्हता. मी किती लहान आहे हे कळलं, आणि खरं सांगतो, फार बरं वाटलं. मी पुढेच निघालो.

बाटली संपली. पंधराव्या किलोमीटरला जीभ टाळूला चिकटली होती, तेव्हा दगडांतून हेलकावे खात पिकअप समोरून येताना दिसली.

"काका, तुम्हाला कसं कळलं?"

"टाइम झाला तरी तुम्ही दिसेनात. म्हटलं, आपला माणूस आहे, चुकून प्रदक्षिणा घालत असणार. यल्ला, चला, पाणी प्या, गाडीत बसा."

"बसणार नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बरोबर आहे. अर्ध्यात सोडायची नसते." मग उरलेली सगळी वाट ते गाडी रांगवत माझ्या मागे आले.

शेवटी पहिल्या ठोकळ्याशी पोचलो आणि खालीच बसलो. काका उतरले, माझ्या पाठीवर हात ठेवला. "झाली पुरी, साहेब. आता खुशाल घरी जा."

जा असं कंपनीच्या पत्रातही लिहिलेलं होतं. पण ते वाचून मला रडू आलं नव्हतं.