हलगी थांबली तेव्हा

आमच्या गावच्या खंडोबाच्या देवळात मी कितीतरी वर्षं एकच अनुभव सांगत आलो, की देवाने माझ्या रघूला बरं केलं. ते खरं नव्हतं. लहानपणी हलगी वाजली की रघू कान दाबून किंचाळायचा, कुणाच्या डोळ्यांत बघायचा नाही. बाहेरचं काही असेल म्हणून मी त्याला दर अमावास्येला देवऋष्याकडे नेलं, खांबाला बांधलं, कानाशी हलगी वाजवू दिली. एक दिवस त्याने ओरडणं सोडलं आणि मी पेढे वाटले. तो बरा झाला नव्हता, भीतीने गप्प झाला होता.

गेल्या वर्षी माझी मुलगी कमल त्याला शहरातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. रघू आता चाळिशीचा आहे. स्वमग्नता जन्माची, डॉक्टर म्हणाले, आणि वरून लहानपणी पुन्हापुन्हा बसलेल्या धाकाचे घाव. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही, पण मला खुर्चीतून उठवेना.

चंपाषष्ठीला पालखी आमच्या दारात थांबते. तो आमच्या घराचा मान.

"आबा, यंदा मान दुसऱ्याला द्या," कमल म्हणाली.

"देवाला न्हाई कसं म्हनू, बाई?"

"मंग दादाला काय म्हनताल?"

मी ऐकलं नाही. रघूला मागच्या खोलीत बसवलं. अवकाळी भुरभुर पावसात पालखी आली, हलग्या कडाडल्या, आणि मी आत पाहिलं तर मागचं दार सताड उघडं. मागे आमचा ऊस, उसापलीकडे कालवा, आणि कालव्याला पाणी सुटलेलं.

मी उसात शिरलो. हाक मारावी तर माझ्या आवाजानेच तो पुढे पळेल, न मारावी तर हलगीपुढे काही ऐकू येईना. 'खंडेराया, लेकरू दे,' एवढंच तोंडात. आणि हलगी थांबली. ओलीने कातडं सैल पडलं, ते शेकायला वाजवणारे थांबले होते, हे नंतर कळलं. त्या शांततेत मला गुणगुण ऐकू आली. भ्याला की रघू तसं एकसुरी गुणगुणतो.

तो कालव्याच्या काठावर बसला होता, पाय पाण्यात. मला पाहताच त्याने दोन्ही मनगटं पुढे केली.

"बांधा, आबा. वरडत न्हाई मी."

मी होतो तिथेच चिखलात बसलो. "न्हाई बाळा. कुनी बांधनार न्हाई." त्याचा विश्वास बसला नाही. हात तसेच पुढे. कमलने रघूचं सांगितलं म्हणून एक हलगीवाला उसातून कालव्याकडच्या कडेपर्यंत आला. हळूच म्हणाला, "बसा तुमी, आबा. देवाला लई घाई न्हाई. हलग्या गार पडल्या तर पडू द्या."

त्या दिवशी आमच्या दारातून पालखी मुकाट पुढे गेली. बऱ्याच वेळाने रघूने हात मागे घेतले, उठला, आणि घराकडे चालू लागला. मी मागून चाललो, अंतर ठेवून.

भीती गेलेली नाही. मी खोकलो तरी तो दचकतो, आणि तो क्षणभर दिसला नाही तर माझं काळीज हलतं. जन्मभर मी देवाकडे दुसराच मुलगा मागत होतो. त्याने मला माझाच जिवंत परत दिला, याहून जास्त मी काय मागू? आता रघू ओसरीवर बसतो, मी अंगणात. मधलं अंतर त्याला वाटेल तेव्हा तो कमी करील, किंवा करणार नाही. तेवढं मी खंडेरायावर सोडलं आहे.