चारित्र्य आणि समाजसेवेबद्दल

माझ्या नवऱ्याला तो गेल्यावर बक्षीस मिळालं. डेट्रॉइटजवळ आम्ही राहायचो, तिथल्या मुलांच्या बेसबॉल लीगचं, 'चारित्र्य आणि समाजसेवेबद्दल'. दरवर्षी एका खेळाडूला नाहीतर कोचला देतात. जो माणूस जन्मात गल्ली क्रिकेटपलीकडे काही खेळला नव्हता, त्याला बेसबॉलचं बक्षीस. तो असता तर मित्रांनी आठवडाभर त्याची टर उडवली असती.

मुलगी आठ वर्षांची असताना तिला खेळायला घातलं आणि हा मदतीला म्हणून गेला. दोन वर्षांत तिला कंटाळा आला, याला काही आला नाही. दर शनिवारी सकाळी मैदान सारखं करायचं, पांढऱ्या रेघा मारायच्या, ज्यांचे आईबाप वेळेवर येत नाहीत त्या पोरांना घरी सोडायचं. कुणी काही सांगितलं की याचं 'शुअर, नो प्रॉब्लेम' तयारच. मी चिडायचे. घरातला नळ महिनाभर गळतोय आणि साहेब निघाले लोकांच्या पोरांना कॅच शिकवायला. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "अगं, ग्रीन कार्डच्या वेळी हे सगळं कामाला येईल. चांगलं रेकॉर्ड लागतं." लीगकडून आलेलं प्रत्येक आभाराचं पत्र तो प्लास्टिकच्या कव्हरात घालून फाइलला लावायचा, दहावीच्या मार्कशीटसारखं. आमच्या ओळखीतले निम्मे लोक असंच करतात. सर्टिफिकेट कधी वाया जात नाही, हे आपल्या डोक्यात शाळेपासून पक्कं बसलेलं असतं.

एप्रिलमध्ये एका शुक्रवारी त्याच्या छातीत दुखायला लागलं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दाखवून येऊ. तर म्हणे, उद्या सीझनची पहिली मॅच आहे, मी हो म्हटलंय, मॅच झाली की दुपारी जाऊ. ती दुपार आलीच नाही. रेघा मारता मारता तो मैदानावर कोसळला. मला त्याचा भयंकर राग आला होता. अजून येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, म्हणोत बापडे.

आमचा व्हिसा त्याच्या नोकरीवर होता. तो गेला आणि आमचा तिथे राहायचा हक्कही गेला. मुलगी चार वर्षांची असताना तिथे आलेली, तेव्हा अकरावीत. मराठी कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये. तिला बारावी तिथेच पुरी करू द्यावी, एवढंच मला हवं होतं. ती जाडजूड फाइल घेऊन मी वकिलाकडे गेले. त्याने एकेक पत्र शांतपणे वाचलं. मग म्हणाला, फार चांगला माणूस होता हो, पण याचा इथे काही उपयोग नाही. दुसरे जे मार्ग होते ते आमच्या आवाक्यातले नव्हते. जुलैची तिकिटं काढा, म्हणाला.

बक्षीस समारंभ जूनमध्ये होता, शाळेच्या जिममध्ये. मला जायचं नव्हतं, मुलगी म्हणाली म्हणून गेले. दारापासून खुर्चीपर्यंत जो तो माझा हात हातात घेऊन म्हणत होता, काही लागलं तर नक्की सांगा. हे वाक्य मी दोन महिने ऐकत होते आणि दर वेळी नुसती मान हलवत होते. तिथे बसल्या बसल्या मी ठरवलं, आज सांगायचं.

लीगचे अध्यक्ष बोलले. याने कधी कुणाला नाही म्हटलं नाही, असं म्हणाले. माझे दात आवळले गेले. मग लाकडी फळीवर त्याचं नाव कोरलेलं ते बक्षीस त्यांनी माझ्या हातात दिलं आणि दोन शब्द बोला म्हणून माइक पुढे केला.

मी म्हटलं, "तुम्ही सगळे विचारता काय लागतंय, तर सांगते. पुढच्या महिन्यात आम्हाला हा देश सोडावा लागणार आहे. माझ्या मुलीला बारावीपर्यंत इथे राहायचंय. तुमच्यापैकी कुणाला काही करता येत असेल तर कृपा करून करा."

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि अख्खी जिम उठून उभी राहिली. अध्यक्षसुद्धा. कितीतरी वेळ टाळ्या वाजत होत्या, बायका डोळे पुसत होत्या. पहिल्या रांगेत माझी मुलगी तेवढी बसून होती.