टेलरबाईंची थोटकं

विडी ओढून उरतं ते थोटूक. जळून उरलेल्या मेणबत्तीचं थोटूक, तासून तासून बोटात मावेनाशा झालेल्या पेन्सिलीचं थोटूक. पुढचं गेलं आणि मागचं हातात राहिलं, की टेलरबाईंच्या लेखी ते थोटूक, आणि ते टाकायचं नसतं. साबणाच्या थोटकाने गडद कापडावर छान खूण उमटते. मेणबत्तीचं थोटूक घासलं की अडकणारी चेन सरसर चालते. मशीनचा खण असल्या थोटकांनी भरलेला. नवऱ्याचं बोलणंही बाई त्यातच जमा करत. काही विचारलं की तो म्हणे, "बघू." बाई म्हणत, "झालं, दिलं थोटूक!"

धाकटा दीर वारल्यावर जाऊ मुलीला घेऊन यांच्याकडे राहायला आली. तिला दुसरं दार नव्हतं. हात चांगला होता, म्हणून बाईंनी तिला बेतायला बसवलं. मापं बाई घेणार, कापणार जाऊ, शिवणार पुन्हा बाई.

आणि कपडे परत येऊ लागले. आधी नर्सबाईंची पँट. "बाई, घोटे उघडे पडले की! चिखलातून चालायला शिवलीत का?" मग एका मास्तरांच्या शर्टाच्या बाह्या. मग दवाखान्याचे पडदे. त्यांच्याखालून उजेड येत होता. कंपाउंडर म्हणाला, "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, आणखी एकदा असं झालं तर दुसरं दुकान."

"कापड कमी पडत नाही, कमी केलं जातं," शेजारीण दारातूनच म्हणाली. "पुतणीचा नवा फ्रॉक पाहिलात? मांजर तुम्हीच घरात घेतलंत, आता दूध झाकत बसा."

बाईंच्या डोक्यात किडा शिरला. जाऊ कात्री ठेवताना काहीतरी मुठीत घेते. आपण आत गेलो की पोरीशी चाललेलं बोलणं थांबतं. मागच्या खोलीत बॅगेची कडी वाजते. बाईंनी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "ती तशी नाही."

"तशी म्हणजे कशी?"

"बघू."

बाईंनी स्वतःच बघायचं ठरवलं. चोरी निघाली, तर तिला जायला सांगायचं. दवाखाना गेला तर घर कशावर चालणार?

जाऊ पोरीला शाळेतून आणायला गेली, तशी बाईंनी बॅग उघडली. घड्या उपसल्या. तळाला एक गाठोडं. त्यात नर्सबाईंचं निळं, मास्तरांचं रेघारेघांचं, दवाखान्याचं पांढरं. सापडली!

पट्ट्या टेबलावर पसरल्या आणि बाई थबकल्या. सगळ्या एकाच रुंदीच्या, दोन-दोन इंच. यात बाहुलीचं झबलंही झालं नसतं. चोरी करायचीच तर असली चिंधी कोण उचलेल?

त्यांनी गळ्यातली टेप काढून टोक पाहिलं. पितळी टोपण निघून टोक विसविशीत झालं, तेव्हा त्यांनीच दोन इंच कात्रीने उडवले होते. चाळीस हवं असलं की त्यांचा हात आपसूक बेचाळिसावर जाई. जाऊ मात्र त्याच टेपेचं कापलेलं टोक कडेला लावून चाळिसावरच कापत होती. तिला सांगायचं राहूनच गेलं होतं. हाताला पाठ झालेलं तोंडाने कोण सांगतं?

"मोजून झालं, ताई?"

जाऊ दारात उभी होती. पोर मागे.

"अगं, टेप आखूड आहे. मीच कापली होती."

"मग टेपेला विचारायचं. बॅगेला काय विचारताय?"

"पण या पट्ट्या कशाला ठेवल्यास?"

"तुम्हीच म्हणता ना, टाकायचं नाही."

बाईंनी गप्प बसायला हवं होतं. तरी तोंडातून गेलंच, "आणि तो फ्रॉक?"

जाऊने पोरीला पुढे घेतलं, फ्रॉकची पाठ उजेडाकडे केली. फिकटलेल्या कापडावर एक गडद चौकोन होता. "तिच्या बापाचा शर्ट. हा खिसा होता. आता घड्या घाला, जशा होत्या तशा."

बाईंनी घातल्या.

नवी टेप आली, कपडे मापात बसू लागले, दवाखानाही राहिला. पण तेव्हापासून गिऱ्हाईक समोर असलं की जाऊ कात्री लावण्याआधी मोठ्याने म्हणते, "ताई, बघताय ना?" कापून झालं की उरलेली चिंधीन् चिंधी उचलून गिऱ्हाइकाच्या हातात देते. "मोजून घ्या हं. आमच्या घरात मोजलेलं बरं असतं."

गिऱ्हाईक हसतं. बाई मान खाली घालून सुई ओवत राहतात.