इंजिनाचा आवाज राहू दे

विश्रांतवाडीत हिराताई ओव्हाळांना न ओळखणारा माणूस एखादा सापडेल, पण त्यांची गाडी न ओळखणारा सापडायचा नाही. गडद निळी, दोनच दारं, दोनच सीट, आणि इतकी ठेंगणी की सिग्नलला शेजारी रिक्षा थांबली तर रिक्षावालासुद्धा वरून खाली बघतो.

ताईंची सगळी नोकरी भूमी अभिलेख कार्यालयात, लोकांच्या जमिनींच्या नोंदी करण्यात गेली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर कोणी फ्लॅट घेतं, कोणी गावाकडे विहीर खणतं. ताईंनी परदेशी निघालेल्या एका डॉक्टरांकडून ही जुनी स्पोर्ट्स कार घेतली. का घेतली, असं कोणी विचारलं तर म्हणायच्या, "बघितली, आवडली. तुम्ही पोहे का खाता?"

हे उत्तर एकाच माणसाला पुरत नव्हतं, तो म्हणजे त्यांचा थोरला भाऊ रतन. वडील लवकर गेले आणि तेव्हापासून बहिणीचं सगळं दादानेच ठरवलं. कॉलेज कोणतं, नोकरी कुठली, चष्म्याची फ्रेम कसली. माणूस वाईट नाही. पण दुसऱ्याचं ठरवायची एकदा सवय लागली की ती तंबाखूपेक्षा वाईट. दादा वरच्या मजल्यावर राहायचा, ताई खालच्या. वरच्या गॅलरीतून खालचं सगळं दिसायचं.

दादा पहिल्यांदा गाडीत बसला तो आळंदी रस्त्याला. गाडीने चाळीसचा वेग ओलांडला की मागून घूं घूं सुरू व्हायचं, जणू दोघांना पत्र्याच्या डब्यात घालून डबाच कोणी रस्त्यावरून फरफटत नेतंय. दादा काहीतरी ओरडत होता. ताईंना ते कळेना. एक तर त्यांचा डावा कान अधू, आणि शेजारी बसणारा माणूस नेमका डावीकडे. त्यातच मागून ॲम्ब्युलन्स आली. ती अगदी पाठीशी येऊन ठेपेपर्यंत दोघांनाही तिचा पत्ता नव्हता.

घरी उतरल्यावर दादाचा घसा बसला होता. तरी तो बोललाच.

"गाडी आहे का पिठाची गिरणी? कानाने अधू बाई आणि त्यात ही बोंबलणारी गाडी. विकून टाक. इंद्रजीतला मी बोललोय, तो घेतो म्हणतोय." इंद्रजीत हा दादाच्या मित्राचा मुलगा.

'नाही' हा शब्द ताईंच्या ओठांवर आला होता. पण ती ॲम्ब्युलन्स डोळ्यांपुढून हलेना. तेवढं दादाचं बरोबर होतं आणि त्याचाच त्यांना राग आला.

"आवाज कमी केला तर?"

"स्पोर्ट्स कारचा? मिरचीचा तिखटपणा काढणार का तू?"

"काढते की नाही बघ."

दादा हसला. म्हणाला, "बरं. इंद्रजीतला थांबवतो. तुझं झालं की मला खडकवासल्यापर्यंत ने. न ओरडता बोलता आलं, तर राहू दे गाडी."

ताईंनी पैज लावली.

नाना पेठेतल्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानदाराने फार विचार केला नाही. "ताई, मोठी म्युझिक सिस्टीम टाका. रस्ता ऐकूच येणार नाही."

"दात दुखतोय म्हणून डोकं आपटून घेऊ?" असं म्हणून ताई बाहेर पडल्या.

मग धानोरी रस्त्यावरचा बद्रीनाथ. यवतमाळकडचा, गाड्यांची सीट कव्हरं आणि आतली कार्पेटं बसवणारा. तोही म्हणाला, "आवाज येनारच ना ताई. लोक तर मुद्दाम वाढवून घेतात."

"इंजिनाचा आवाज राहू दे. तो मी पाय दाबला की येतो, उचलला की जातो. हा दुसरा आहे ना रस्त्याचा, तो मला न विचारता आत येतो. तो मला नको."

बद्रीनाथने दोन्ही दारं उघडली आणि आतल्या पत्र्याला जड शीट चिकटवली. दार लावलं की तिजोरीसारखा धप्प आवाज यायला लागला. गाडी रस्त्यावर काढली तर घूं घूं होतं तसंच. गॅलरीतून दादा म्हणाला, "दार छान वाजतं हो. दार लावत लावतच जा खडकवासल्याला."

ताईंनी वर बघितलंसुद्धा नाही. त्यांनी दादाच्याच मुलीला, आम्रपालीला, खाली बोलावलं. ती खराडीत आयटीत आहे.

"तू चालव. मी शेजारी बसते. आणि पप्पांना सांगू नकोस."

"आत्या, सीरियसली? पप्पा मला किल करतील."

गाडी विमानतळाच्या रस्त्याला लागली. ताई सीटवर मागे वळून गुडघ्यांवर बसल्या आणि तळहात एकेका ठिकाणी दाबून बघायला लागल्या. दार गप्प. छत जवळजवळ गप्प. सीटांच्या मागे, जिथे पातळ कार्पेटखाली मागच्या चाकांवरचा पत्रा होता, तिथे हात ठेवला आणि मुंग्यांचं वारूळ हाताखाली आल्यासारखं झालं.

"चल घरी!"

घरून कपाटातल्या सगळ्या गोधड्या आणून त्यांनी त्या पत्र्यावर रचल्या. दोघी पुन्हा त्याच रस्त्याने निघाल्या.

"आत्या, ओ माय गॉड," आम्रपाली किंचाळली. "मला इंडिकेटरची टिकटिक ऐकू येतेय!"

बद्रीनाथने गोधड्या बघून कपाळाला हात लावला. "पावसाळ्यात भिजतीन, कुजतीन. पन जागा बरोबर सापडली तुमाले. मी दारातच अडकलो होतो." त्याने कार्पेट काढलं. खाली नुसता उघडा पत्रा. बोटाने टिचकी मारली तर खण्ण. त्यावर जड, चिकट शीट लावली. पुन्हा टिचकी मारली तर ठप. शीटवर घोंगडीसारखं जाड फेल्ट, फेल्टवर जड कार्पेट. दारांची तडकलेली रबरं बदलली.

तरी थोडी गुणगुण राहिली. ती टायरांची होती. जुने टायर लाकडासारखे कडक झाले होते आणि कडांना पायऱ्या पायऱ्यांनी झिजले होते. टायरवाल्याने रुंद, दिमाखदार जोड पुढे केले. ताईंनी नख रुतवून बघितलं आणि मऊ रबराचे, बारीक नक्षीचे निवडले.

"दिसायला साधे आहेत ताई."

"मी त्यांच्यावर बसून जाणार आहे. डोक्यावर घेऊन मिरवणार नाही."

रविवारी सकाळी दादा गाडीत बसला. गाडी इतकी बसकी की त्याचे गुडघे हनुवटीशी आले. पूर्ण शहर ओलांडेपर्यंत तो अवाक्षर बोलला नाही. न बोलताच हरवायचा त्याचा बेत असावा. सिंहगड रस्त्यावर मागून एक बस हॉर्न देत आली. दादाने मान वळवायच्या आत ताईंनी तिला वाट दिली होती. धायरी मागे पडली, रस्ता मोकळा झाला, काटा साठला टेकला. तेव्हा दादाने तोंड मुद्दाम खिडकीकडे केलं आणि पुटपुटला, "कालचं कालवण खारट होतं."

"मीठ तू वरून घेतलंस."

दादाने आवाज आणखी खाली आणला. "आम्रपाली हल्ली तुझ्याकडे फार पडलेली असते."

"ही गाडी चालवते ना."

"तिला येते?"

"तुझ्यापेक्षा बरी."

तेवढ्यात दादाच्या खिशात फोन वाजला. दादाचा फोन नेहमीच मोठ्या आवाजावर. गाडीत दुसरा आवाज नव्हता, त्यामुळे इंद्रजीत मागच्या सीटवर बसून बोलावा तसा ऐकू आला, फक्त मागची सीट नव्हती इतकंच.

"काका, मग आज टोकन घेऊन येऊ ना? पैज नुसती ताईंचं समाधान म्हणून आहे, गाडी तुलाच, असं तुम्ही म्हणाला होतात."

"नंतर, नंतर," दादा म्हणाला आणि फोन बंद केला.

ताईंनी वेग कमी केला. मग म्हणाल्या, "म्हणजे जिंकले तरी हरलेच होते मी."

"हिरा, बुद्धविहारात लोक विचारतात. रतनरावांची बहीण या वयात रेस लावते म्हणे. काय सांगायचं मी?"

डाव्या कानाचा ताईंना आजवर पुष्कळ उपयोग झाला होता. जिन्यातून, दुसऱ्या खोलीतून, जेवताना दादा असं काही बोलला की ऐकूच आलं नाही असं दाखवून त्या भांडी घासायला उठायच्या. आता ती सोय त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकली होती. शब्द न शब्द आत आला होता, आणि दादाला ते माहीत होतं.

धरणाचं पाणी दिसलं तशी त्यांनी गाडी कडेला घेतली.

"ॲम्ब्युलन्सचं तुझं बरोबर होतं. ते मी दुरुस्त केलं, माझ्या जिवासाठी. पण पैज लावली ही माझी चूक. माझी गाडी ठेवू का, असं मी तुला विचारल्यासारखं झालं. आता विचारत नाही. गाडी राहणार."

"मी तुझ्या भल्यासाठीच..."

"माहितीये. लहानपणापासून माहितीये. आता साठी उलटली माझी, भलं माझं मी बघते."

"आणि लोक?"

"विहारात पुढच्या वेळी मीच येते, हीच गाडी घेऊन. मला विचारू देत. तू तोवर चहा पी." त्यांनी मानेनेच त्याच्या खिशाकडे खूण केली. "आता इंद्रजीतला फोन लाव."

"तू बोल ना."

"शब्द तू दिलास. परत तू घे."

दादाने फोन हातात घेतला, चष्मा पुसला, पुन्हा घातला. ताई स्टिअरिंगवर हात ठेवून वाट बघत होत्या. शेवटी त्याने नंबर लावला.

"इंद्रजीत, टोकन आणू नकोस. नाही रे, भाव वाढवायला नाही. गाडी तिची आहे. मी कोण तुला देणारा?" पलीकडून इंद्रजीत बराच वेळ कुरकुरत राहिला. दादाने डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं. "हो. चुकलं माझं. ठेवतो."

ताईंनी गाडी सुरू केली आणि घराकडे वळवण्याऐवजी पानशेतच्या रस्त्याला लावली.

"कुठे चाललीस?"

"अजून ठरवलं नाही," ताई म्हणाल्या आणि गिअर बदलला.