चालता चालता वाचायचा फळा

शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या भिंतीवर मंडळाचा काळा फळा आहे. उजव्या अर्ध्यात पाणी कधी येणार, मॅच कुणाची, कोण वारलं. डाव्या अर्ध्यात रोजचा विचार. फळ्यावर नाव लिहायचं ते फक्त दोघांचं, मेलेल्याचं आणि गोल मारणाऱ्याचं, असा मंडळाचा नियम आहे. एकदा वाढदिवसाच्या शुभेच्छांत एका कार्यकर्त्याचं नाव राहिलं आणि चौकात खुर्च्या फुटल्या, तेव्हापासूनचा.

हा फळा शालूबाई इंगवले लिहितात. महापालिकेच्या शाळेत इतिहास शिकवून त्या निवृत्त झाल्या. पेठेतले निम्मे लोक त्यांच्या हाताखालून गेलेले, त्यामुळे बहुतेक सगळे त्यांना ‘बाई’च म्हणतात. लॉकडाउनमध्ये नोटीस लिहायला कुणी घराबाहेर पडेना, तेव्हा समोरच राहणाऱ्या शालूबाई खडू घेऊन खाली उतरल्या. नंतर खडू परत मागायचं कुणाला सुचलं नाही.

त्यांच्या लिहिण्याची एक रीत आहे. ओळ चार-पाच शब्दांची, अक्षर वीतभर. कारण साधं आहे. तालमीच्या कट्ट्यावर पुरुष बसलेले असतात, त्यामुळे पेठेतली बाई फळ्यापुढं थांबत नाही. दळण, भाजी, दूध घेऊन जाताना मान न वळवता जेवढं दिसेल तेवढं वाचते. शालूबाई या वाचणारीसाठी लिहितात. कट्ट्यावरच्यांना वाचायला अख्खा दिवस मोकळाच असतो.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी रोजचा विचार बंद करून एका बाईचं चरित्र सुरू केलं. अठराव्या शतकातली इंग्रज बाई. बायकांची बुद्धी कमी नसते, त्यांना शिकू दिलं जात नाही म्हणून ती तशी दिसते, असं छापून मांडणारी. मुलगी स्नेहलच्या एम.ए.च्या पुस्तकात तिच्यावर दीड पान होतं. शालूबाईंनी मग मिळेल तिथून वाचून काढलं. नियमाप्रमाणे फळ्यावर नाव घातलं नाही. गावाचंही नाव टाळलं. लंडन म्हटलं की आपलं नव्हे म्हणून बायका पुढचं वाचणार नाहीत, असा त्यांचा हिशेब होता.

पहिल्या दिवशी फळ्यावर आलं:

बाप दारू पिऊन मारायचा.
पोरगी आईच्या दाराबाहेर निजायची.
मार आधी तिला लागायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फळा पुसत होत्या तेव्हा मंडळाचे अध्यक्ष गणपतराव येऊन उभे राहिले. समोर निसारभाई घड्याळाच्या दुकानाचं शटर वर करत होते. पुढचं त्यांच्यादेखत झालं.

“वैनी, ह्ये कुणाचं लिवलंय?”

“एका बाईचं.”

“पेठंतल्या?”

“लांबच्या.”

गणपतराव आवाज खाली आणून म्हणाले, “आमची मोना दाराबाहेर झोपत हुती, ह्ये तुमास्नी कुणी सांगिटलं?”

मोना म्हणजे त्यांची मुलगी, लग्न होऊन उचगावला असते. शालूबाईंना हे कुणीच सांगितलं नव्हतं. गणपतरावांनी दारू सोडून बरीच वर्षं झाली होती. ते प्यायचे हे पेठेला माहीत होतं, घरातलं माहीत नव्हतं.

“मला ठाऊक नव्हतं, गणपतराव,” त्या म्हणाल्या. “आत्ता कळलं.”

त्या दिवशी त्यांनी पुढचा भाग लिहिला. आजोबांची इस्टेट थोरल्या भावाकडं गेली, बहिणींना काही नाही. संध्याकाळी पिराजी वर घरी आला. त्यांचाच विद्यार्थी, आता दुधाची डेअरी चालवतो.

“बाई, आमच्या ताईनं राजीखुशीनं सोडलंय बगा. कुणी जबरदस्ती केल्याली न्हाय.”

“मी काही विचारलं का रे?”

“न्हाय, फळ्यावर आलंय म्हणून म्हटलं.”

“चहा घेतोस?”

चहा न घेताच तो गेला. आठवडा संपायच्या आत आणखी तिघे येऊन गेले. प्रत्येकाला वाटत होतं, हे आपल्याच घरचं आहे आणि कुणीतरी बाईंचे कान भरलेत. निसारभाई शालूबाईंना म्हणाले, “बाई, एकच गोष्ट लिवताय आन् साऱ्या पेठंला ताप आलाय की.”

रविवारी मंडळाची बैठक बसली. विषय एकच, फळा. शालूबाईंनी काही लपवलं नाही. ती बाई इंग्लंडची, जाऊन सव्वादोनशे वर्षं होऊन गेली, असं सरळ सांगितलं. खोलीत सुटकेचा इतका मोठा सुस्कारा उमटला की दारात उभ्या निसारभाईंना हसू आलं.

“मग ह्ये आदी सांगायचं न्हवं?” पिराजी म्हणाला. “नाव लिवा तिचं. लंडनची हाय म्हणून वर मोठ्या अक्षरात लिवा. मग कुणाची हरकत न्हाय.”

“नाही लिहिणार.”

“का पण?”

“नियम तुमचा आहे. मेलेल्याचंच नाव येतं. ती फळ्यावर अजून मेलेली नाही.”

एकजण हसला, पण पिराजी हसला नाही. नाव लिहा, नाहीतर खडू मंडळाकडं द्या, असा ठराव त्याने मांडला. शालूबाईंनी पर्समधून खडूची डबी काढली आणि टेबलावर ठेवली. त्या फळ्याशिवाय त्यांच्याकडं दुसरा वर्ग उरलेला नव्हता, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

“घ्या. फक्त कुणाची कुठल्या ओळीला हरकत आहे, ते उभं राहून सांगा. ती ओळ मी आधी पुसते.”

कुणी उठलं नाही. पिराजी आधीच उभा होता, तो खाली बसला. उठणाऱ्याला ती ओळ आपली आहे असं कबूल करावं लागणार होतं. शेवटी गणपतराव उठले. ओळ त्यांनी सांगितली नाही. डबी उचलून शालूबाईंच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, “ऱ्हाऊ दे. वैनींचं अक्षर बरं हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शालूबाई लिहीत असताना मागं कुणीतरी थांबलं. गणपतरावांची बायको, हातात दुधाची पिशवी. कट्टा भरलेला होता. तिने सगळ्या ओळी वाचल्या, परत पहिल्यापासून वाचल्या आणि विचारलं, “त्या पोरीचं पुढं काय झालं ओ, बाई?”

“शाळा काढली तिनं. उद्या लिहिते.”

“काढली व्हय?” म्हणाली आणि दूध तापवायला घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती परत थांबली, तिच्यासोबत जाऊबाई होती. कट्ट्यावरची मंडळी थोडी सरकून बसली. आता सकाळी तिथं सात-आठ बायका तरी उभ्या दिसतात. मुक्कामाला आली तर मोनाही असते.

शालूबाईंचं अक्षर अलीकडं बारीक झालंय. ओळीही लांबल्यात. थांबून वाचणारीला तेवढं पुरतं. चरित्र अजून चालू आहे. ती बाई सध्या पॅरिसात आहे, राज्यक्रांतीच्या गडबडीत. दुसऱ्या बाळंतपणात ती जाणार हे शालूबाईंना माहीत आहे, पण त्या रोज चारच ओळी लिहितात. पिराजी अधूनमधून विचारतो, नाव कधी येणार. तिला मारायची मला घाई नाही, असं त्या सांगतात.