शिक्का मारलेल्या कॅसेटी

नाक्यावर नोकरी करणाऱ्या माणसाने कोणावर विश्वास ठेवावा, असं मला अजूनही वाटत नाही. सूरजागडच्या डोंगराकडून येणाऱ्या रस्त्यावर आमचा वन तपासणी नाका होता. आडवा बांबू, एक कौलारू खोली, एक टेबल आणि दारामागे उभी केलेली पुरुषभर उंचीची लोखंडी सळई. तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, बैलगाडी आली की ती सळई आत खुपसायची. सरळ गेली तर गाडी सोडायची, मध्येच ठक्‌ वाजलं तर खाली साग आहे असं समजायचं. एकदा वरातीच्या गाडीत नवरीच्या गादीखाली मी सागाच्या चौकटी धरल्या. नवरीने मला जे काही ऐकवलं, ते इथे लिहिण्याजोगं नाही.

ज्या म्हाताऱ्या नाकेदाराच्या हाताखाली मी काम शिकलो, तो तंबाखू मळता मळता सांगायचा, "जो काई मांगत नाई ना बाबू, त्याच्यावर दुप्पट नजर ठेव. अन् जो सरळ बोलते, त्याची गाडी पयले खाली कर." मी तसाच वागलो आणि त्यामुळे माझी नोकरी टिकली. दुसरं काय काय टिकलं नाही, ते पुढे येईलच.

ऐंशीच्या दशकाच्या मधली ती वर्षं. चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघून फार दिवस झाले नव्हते. माझ्याकडे एक टू-इन-वन होता, रेडिओ आणि टेप एकत्र. त्यावर भीमगीतं वाजायची, बातम्या वाजायच्या, आणि कोणी नसलं की सिनेमातली गाणी. एके दिवशी दुपारी एक सायकलवाला पाणी प्यायला थांबला. तो मलेरियावाला होता. दर पंधरवड्याला गावोगाव हिंडून तापाच्या लोकांच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि दारावर तारीख लिहून पुढच्या गावाला निघायचं, हे त्याचं काम. माझ्याहून दोनतीन वर्षांनी लहान असेल. पाणी पिऊन झालं तरी तो हलेना, टू-इन-वनकडेच बघत राहिला.

"जय भीम, भाऊ," तो म्हणाला. "मी सिंदेवाहीकडचा. एक कॅसेट देऊ काय तुमाले? आयकून पाहा. पंधरा दिवसानं वापस द्या."

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. आपल्या समाजातला, गोड बोलणारा, आणि वर काही न मागता देणारा. घोडं कुठे पेंड खातं आहे ते कळेना, पण खातं आहे एवढं नक्की. आज कॅसेट, उद्या मधाची बाटली, आणि परवा याच्या मामाची गाडी तणसाखाली साग भरून येणार आणि हा म्हणणार, जाऊ द्या ना भाऊ.

तरी कॅसेट घेतली. फुकट मिळालेलं कोण सोडतो!

पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं, कोणीतरी भांड्यांची मांडणी पाडली आणि मग त्याबद्दल रडत बसला. पंधरा दिवसांनी तो आला तेव्हा मी तसं तोंडावर सांगितलं. त्याला राग आला नाही. तो ओट्यावर बसला आणि समजावून सांगू लागला. त्याची बहीण विलायतेत नर्स होती. तिथल्या रेडिओवर एक माणूस अशी गाणी लावायचा, जी बाकी कोणी लावत नव्हतं. ती टेप करून ती कॅसेटी भावाला पाठवायची आणि सोबतच्या पत्रात कोणतं गाणं काय म्हणतं ते मराठीत लिहायची.

"हे मोठे गानेवाले नाईत भाऊ," तो म्हणाला. "याईले कोनी विचारत नाई. लहान लहान खोल्याईत वाजवतेत. एका बाजूनं जुने आहेत, दुसऱ्या बाजूनं आताचे. नवं समजाचं असन त पयले जुनं आयकाव लागते."

आणि मग तो एकेक गाणं सांगे. "हा मानूस बसथांब्यावर उभा आहे. बस येऊन नाई राह्यली. पन त्याले घरी बी जाचं नाई." दुसरं एक. "याची मिलमधली नोकरी गेली. पन हा रोज डबा घेऊन निंगते. बायकोले सांगतलं नाई त्यानं." हे सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा की तो माणूस सिंदेवाहीच्या बसस्टँडवर त्याला आत्ताच भेटून गेला आहे. खिडकीतल्या एका बाईचं गाणं तर त्याचं सगळ्यात लाडकं होतं.

दुसऱ्यांदा ऐकताना मला ते डब्याचं गाणं कळलं. तिसऱ्यांदा ऐकताना माझा हात टेबलावर ठेका धरायला लागला, तेव्हा मी उठून दार लावून घेतलं.

आज कोणी विचारलं तर मी माझी आवड सांगतो, आणि जो म्हणतो मला सगळंच आवडतं, त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. जुन्यातलं मला ते आवडतं, ज्यात एकच सूर तुणतुण्यासारखा धरून ठेवलेला असतो आणि गाणारा न गाता नुसतं सांगत जातो. गिटार बेसुरी असते, पण ती दुरुस्त केली तर गाणं मरेल हे कळतं. नव्यातलं, म्हणजे तेव्हाच्या नव्यातलं, ज्यात जाड तारांची गिटार पुढे चालते आणि बारीक गिटार मागून, आणि गाणाऱ्याचा आवाज विहिरीच्या तळातून येतो. एक बाई होती, ती हातपंपावर भांडल्यासारखं गायची. तिचं प्रत्येक गाणं दोन मिनिटांत संपायचं. भांडण तेवढंच असावं. ज्यांचं पुढे मोठं नाव झालं, त्यांची नंतरची गुळगुळीत गाणी मला सहन होत नाहीत. कोणीतरी येऊन रंधा मारून गेल्यासारखी वाटतात.

पण तेव्हा मी त्याला यातलं काही सांगितलं नाही. "ठीक आहे," एवढंच म्हणायचो. कौतुक केलं की समोरचा जवळ येतो, आणि जवळ आला की मागतो. सात महिने गेले, चौदा-पंधरा फेऱ्या झाल्या. त्याने एकदाही काही मागितलं नाही. त्यामुळे माझा संशय कमी व्हायचा तो वाढतच गेला. एवढा वेळ थांबणारा माणूस काहीतरी मोठंच मागणार, असं मला वाटायचं.

मग मी एक शहाणपणा केला. नाक्यावरून जे जातं येतं त्यावर आम्ही शिक्का मारत असू. जांभळ्या शाईचा गोल शिक्का, 'तपासले', आणि खाली तारीख. उद्या साहेबाने विचारलं, की हा मलेरियावाला तुला दर पंधरवड्याला काय देतो, तर आपल्याकडे उत्तर असावं. वस्तू आली, तपासली, परत गेली, आपण काही ठेवून घेतलं नाही. म्हणून परत देताना मी प्रत्येक कॅसेटच्या कागदावर शिक्का मारू लागलो. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण तेव्हा मी स्वतःवर खूश होतो.

तो तर हरखलाच. शिक्क्यावर फुंकर घालून शाई वाळवली आणि म्हणाला, "आता आपलं गानं सरकारमान्य झालं, भाऊ!" बहिणीला त्याने तसं पत्रही लिहिलं. मला वाटलं, हा इतका का हसतो?

त्या दिवसांत जंगलात बंदुका घेऊन हिंडणारे लोक आले होते. गावातले त्यांना दादा म्हणत. पोलिसांच्या नव्या चौक्या बसल्या आणि जो कोणी एकटा पायी किंवा सायकलने गावोगाव हिंडतो, त्याच्याकडे वाकड्या नजरेने बघायला सुरुवात झाली. शिक्षक घाबरले, फेरीवाले यायचे बंद झाले. मलेरियावाल्याला घाबरून चालणार नव्हतं. ताप काही थांबत नव्हता.

एके दिवशी सकाळी जीप आली. हवालदार उतरला. बाहेरच्या जिल्ह्यातला, वयस्क, दमलेला माणूस. त्याने टेबलावर एका ओळीत सात कॅसेटी मांडल्या. सातही कॅसेटींवर माझा जांभळा शिक्का होता.

"कालपासून तो मलेरियावाला चौकीत बसलाय," हवालदार म्हणाला. "पिशवीत ह्या सापडल्या. आम्ही ऐकल्या. नुसता आरडाओरडा आहे, एक अक्षर कळत नाही. इंग्रजी आहे म्हणतो. गावोगाव काय घेऊन फिरतो हा? पण शिक्का तुमचा दिसतो. म्हणून म्हटलं, तपासणाऱ्यालाच विचारावं."

मी एक कॅसेट उचलून शिक्क्याखालची तारीख पाहिली.

"हे बघा," तो खुर्चीत टेकत म्हणाला, "मला त्याला ठेवायची हौस नाही. तुम्ही सरकारी माणूस. एवढं लिहून द्या की ही गाणीच आहेत, यात काय म्हटलंय ते तुम्हाला माहीत आहे आणि त्यात वावगं काही नाही. आजच्या आज सोडतो. नाहीतर साहेब याला चंद्रपूरच्या जेलात पाठवणार, मग याची नोकरी गेलीच म्हणून समजा."

इतकं सरळ बोलणं मी नाक्यावर कधी ऐकलं नव्हतं, आणि नेमकं तेच मला नडलं. मला वाटलं, हा सापळा आहे. हा माझ्याच तोंडून वदवून घेतोय की मला गाण्यांचा अर्थ माहीत आहे. म्हणजे मी सामील. अर्थ माहीत असलेला माणूस, शिक्का मारून माल पुढे पाठवणारा माणूस. माझ्या घरी म्हातारी आई होती. घरात पगार घेणारा मी पहिला होतो, आणि पाच भावंडांत शिकलेलाही मीच. हे सगळं खरं आहे, पण मी ते आज निमित्त म्हणून पुढे करणार नाही. मी घाबरलो होतो, आणि त्या घाबरण्याला मी सावधपणा म्हणत होतो.

"त्याने तुम्हाला अर्थ सांगितला का कधी?" हवालदाराने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

आणि कागद घेऊन सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. सदर शिक्का वस्तू पाहिल्याचा असून त्यातील मजकुराशी निम्नस्वाक्षरीकाराचा संबंध नाही. भाषा समजली नाही. खाली सही, तारीख आणि शिक्का.

हवालदाराने कागद दोनदा वाचला. "बरं," एवढंच म्हणाला. त्याच्या आवाजात मला निराशा ऐकू आली. सापळा लावणारा माणूस निराश होत नाही, हे मला जीप वळणाआड गेल्यावर सुचलं.

अकरा दिवस मलेरियावाल्याचा पत्ता नव्हता. मी रोज रस्त्याकडे बघायचो आणि तो येऊ नये असंही वाटायचं. लोक सांगत, चंद्रपूरला नेला. दुसरे सांगत, दादांनीच उचलला. मी कुठे चौकशी केली नाही. चौकशी केली असती तर माझंही नाव पुढे आलं असतं.

बाराव्या दिवशी दुपारी तो आला. सायकल नव्हती, पायीच होता. अंगाने उतरला होता, पण खाकी सदरा धुतलेला. नोकरी गेली नव्हती, बदली झाली होती, दूर जिवतीकडे. त्याच्या साहेबाने चंद्रपूरला जाऊन शब्द टाकला म्हणून तो सुटला. कॅसेटी मात्र पोलिसांनी ठेवून घेतल्या. तो ओट्यावर बसला. मी पाणी दिलं. आता हा भांडेल, शिव्या देईल, या तयारीत मी उभा होतो. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमचा कागद वाचून दाखवला मले हवालदारानं," तो म्हणाला. "भाषा समजली नाई, म्हने."

मी त्याच्या हातातला रिकामा पेला घेतला.

"मले लय वाईट वाटलं, भाऊ. तिथी बसून बसून तेच इचार करून राह्यलो होतो. माहंच चुकलं. मी घाई घाईनं सांगत होतो. पुढच्या गावाले जाचं राहे, काचपट्ट्या न्याच्या राहे. नीट सांगतलंच नाई तुमाले." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "एकबी नाई समजलं काय? ते खिडकीवालं?"

रस्त्यावर कोणी नव्हतं. टेबलावर कागद नव्हता, जीप नव्हती. खरं बोललो असतो तर माझं काहीच बिघडणार नव्हतं. तरी माझ्या मनात आलं, याला त्यांनी पाठवला असेल. सुटला कसा हा? माझ्या तोंडून हो काढून घ्यायला आला असेल. त्या क्षणी असं वाटलं याची मला आजही लाज वाटते.

"नाही," मी म्हणालो. "तेही नाही."

त्याने मान हलवली. सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसलं. मग जरा सरकून मला बसायला जागा केली आणि सुरुवात केली.

"आयका. एक बाई आहे. तिच्या खिडकीतून समुद्र दिसते. रोज भांडे घासता घासता पाहाते. पन समुद्र तिनं जवळून कधी पाह्यला नाई..."

या वेळी त्याला घाई नव्हती. एकेक ओळ तो सांगायचा, थांबायचा, आणि मला कळलं की नाही ते माझ्या चेहऱ्यावर बघायचा. मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान हलवत होतो. ते गाणं मला पाठ होतं.