आत्याचा दुसरा आवाज

माझी आत्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याजवळच्या आमच्या गावात कापूस वेचायला जायची आणि वेचता वेचता गायची. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा वारला. पैनगंगेपलीकडच्या सासरहून ती परत आली, ती कायमचीच. मला तिनंच वाढवलं. मी बोलायच्या आधी गुणगुणायला लागले होते, असं आई अजून सांगते.

आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण एखादं गाणं एकदा कानावर पडलं की ते तिचं व्हायचं. विहारात पेटीवर ऐकलेलं असो, नाहीतर बाजारातल्या भोंग्यावरचं तेलुगू गाणं असो. तेलुगूचे शब्द तिला कळायचे नाहीत, म्हणून चाल तेवढी ठेवून ती आपले शब्द घालायची. एकदा तर तिनं आईच्या जाड भाकरीवरच गाणं केलं. आई चुलीपाशी हसून हसून बेजार झाली. वेचणीला बोलवायला गेलं की बाया आधी विचारायच्या, "ते येऊन राह्यली का?" ती येणार म्हटल्यावर कापूस भरायच्या ओट्या कमरेला बांधायला लागायच्या. शेताच्या या टोकाला आत्या गाणं उचलायची आणि त्या टोकावरून बाया धरायच्या.

मी आदिलाबादला कॉलेजात होते तेव्हा तिच्या गळ्याला गाठ आली. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. डॉक्टर तेलुगूच बोलत होते आणि माझं शिक्षण तेलुगूत झालेलं, त्यामुळे मधे मी.

"त्याईले इचार," आत्या म्हणाली, "मंग गानं म्हनता येईल का?"

मी विचारलं. डॉक्टर कागद बघत म्हणाले, घाबरू नका, बोलता नीट येईल. मी तेच तिला सांगितलं.

"बोलाचं कोनं इचारलं, माय?" असं म्हणून तिनं गळ्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी माझ्या पाठीमागून कुणीतरी पाणी मागितलं. शेजारच्या खाटेवरचे आजोबा असतील म्हणून मी वळले, तर आत्या माझ्याकडे बघत होती.

त्यानंतर ती गायची थांबली. वेचणीला जायची, पण गप्प. कुणी गुणगुणायला लागलं की हळूच कापसाच्या दुसऱ्या ओळीत सरकायची. घरात टीव्हीवर गाणं लागलं की तिला गोठ्यात काहीतरी काम आठवायचं. बायांनी कधी आग्रह केला नाही. मलाही धीर झाला नाही.

मग माझं लग्न ठरलं. हळदीचं पहिलं गाणं आत्यानं उचलायचं, अशी आमच्याकडची रीत. मांडवात सगळ्या बसल्या आणि कुणीच सुरू करेना. आईनं शेजारणीला खुणावलं, "तू घे वं."

"त्या असताना मी कशी घेऊ?" शेजारीण म्हणाली.

आत्या वाटीत हळद कालवत होती. मान वर न करता तिनं सुरुवात केली, नेहमीच्या उंच पट्टीत. दुसऱ्याच शब्दाला आवाज फाटला. ती थांबली. बोटांची हळद वाटीच्या काठाला पुसली आणि पुन्हा गाणं घेतलं, पार खालून. इतकं खालून की बायांना कुठं धरावं तेच कळेना. एक हसली, मग सगळ्याच हसल्या.

"हसता काऊन? माया मांगं या!" आत्या म्हणाली आणि स्वतःही हसली.

हळूहळू बाया आल्या. तेच गाणं, पण जड आणि संथ झालेलं. रडू नको, हळद ओघळेल, असं आई मला सांगत होती आणि स्वतः पदर डोळ्यांना लावत होती.

पुढे कितीतरी वर्षं आत्या त्याच आवाजात गायली. "बुढ्याचा आवाज लागला मले," म्हणायची. आजूबाजूच्या गावांतून तिला हळदीची बोलावणी यायची. माझी मुलगी त्याच आवाजावर झोपायची. मागच्या हिवाळ्यात, ऐन वेचणीत, चार दिवसांच्या तापानं आत्या गेली. बाया कापसाच्या ओट्या तशाच घेऊन शेतातून आल्या.

मुलीला तो जड आवाजच माहीत आहे. हनुवटी गळ्याला टेकवून ती त्याची हुबेहूब नक्कल करते. मला मात्र त्याच्या आधीचा आवाज हवा असतो, शेताच्या त्या टोकापर्यंत पोचणारा. डोळे मिटले की पांढरी ओटी दिसते, उन्हानं बारीक केलेले तिचे डोळे दिसतात, तोंड उघडलेलं दिसतं. आवाज येत नाही. आईला विचारलं तर ती म्हणते, "बारीक होता. लय गोड होता."

परवा आदिलाबादच्या बसस्टँडवर एक बाई तेलुगूत ओरडून सीताफळं विकत होती. तसाच जड, खरखरीत आवाज. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"काय पाहिजे, अम्मा?" तिनं विचारलं.

मी सीताफळं घेतली. गोड आहेत का, विचारलं. कुठल्या गावची, तेही विचारलं. ती सांगत राहिली, मी ऐकत राहिले. माझी बस निघून गेली.